कशिशचे एकतीस दिवस

१

कशिशचे एकतीस दिवस नाहीसे झाले आणि ते शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी घड्याळजी. मनगटावर बांधायची कुठलीही वस्तू बिघडली, की ती कोरेगावात माझ्याच काउंटरवर येऊन पडते.

रविवार होता. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. गोदावरीबाई पट्टा बदलून घेत होत्या. "चालू द्या निवांत, सिकंदरभाई. अकराच्या एसटीला अजून दहा मिनिटं आहेत," असं म्हणून त्यांनी पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात कशिश आत आली. काखेत भावाचा लॅपटॉप, चेहरा पांढराफटक.

"मामू, माझे आलेख गेले."

कशिश म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, जीनतची मुलगी. सतरा वर्षांची. पाच किलोमीटर पळते, आणि असं पळते की बघणाऱ्याला दम लागावा. सांगलीच्या निवासी धावपटू केंद्रात आमच्या तालुक्याला एकच जागा होती. यादीत तिचं नाव पहिलं. मुलाखत दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी बाराला. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे ही शेवटची संधी.

मुलाखतीला बारा आठवड्यांच्या सरावाचे आलेख दाखवायचे होते. पळताना हातातलं घड्याळ वेग आणि छातीचे ठोके टिपतं, फोन ते 'धावनोंद' नावाच्या वेबसाइटला पाठवतो, आणि तिथं रोजचा आलेख तयार होतो. फोनवर दिसते ती फक्त 'पाठवलं' अशी हिरवी खूण. कशिश रोज खूण बघून खूश व्हायची. आज छापायला म्हणून पहिल्यांदा सगळं उघडलं, तर हे.

मी चष्मा लावला. पहिले चार आठवडे गच्च भरलेले. पुढचे आठ आठवडे बघवेनात. एकवीस जुलैपासून अठ्ठेचाळीस दिवसांचा सराव, त्यातले सतराच दिवस जागेवर. बाकी एकतीस दिवसांवर एकच ओळ होती, 'या दिवशी नोंद नाही.'

"पळली होतीस ना गं रोज?" मी विचारलं. मूर्खच मी.

"मामू, तुम्हीसुद्धा?" तिचे डोळे भरले. "उद्या ते हेच विचारणार. आणि मी काय दाखवू?"

"घड्याळात तर काही बिघडलं नसेल?" गोदावरीबाईंनी मध्येच तोंड घातलं.

माझं डोकंच फिरलं. "अहो, ते घड्याळ जुलैत मी स्वतः उघडलंय! बटण अडकलं होतं, ते सोडवून दिलं. या दुकानातून गेलेलं घड्याळ माणसाला दगा देत नाही. हा कुणीतरी माणसानंच केलेला उद्योग आहे."

२

पहिला संशय घरातच. झिशान, कशिशचा थोरला भाऊ. पुण्यात कंपनीत असतो, रविवारचा आला होता. घड्याळ त्यानंच आणून दिलेलं, वेबसाइटवर खातं त्यानंच उघडलेलं. आणि "पळून पळून किती पळणार, त्यापेक्षा कॉम्प्युटर शीक," हेही महिन्याभरापूर्वी त्यानंच म्हटलेलं.

तो चहा पीत बसला होता. मी सरळ विचारलं, "पासवर्ड कुणाकडं आहे?"

"माझ्याकडं होता. आता विसरलो."

"सोयीस्कर विसरलास."

त्यानं कप आपटला. "मामू, मी बोलतो ते तोंडावर बोलतो. बहिणीचं असं मागून काढून घेणारा मी माणूस आहे का?" मग रागारागात लॅपटॉप ओढून त्यानं खात्याची सगळी हजेरी काढली. आठ आठवड्यांत कशिशच्या फोनशिवाय कुणीच आत आलं नव्हतं. एकही नोंद पुसल्याची खूण नव्हती.

"मग गेल्या कुठं?"

"गेल्या नाहीत. वेबसाइटच्या लेखी त्या आल्याच नाहीत," झिशान म्हणाला. "पण फोन म्हणतो पाठवल्या."

धावनोंदच्या मदत क्रमांकावर फोन लावला. सोमवारी सकाळी नऊला सुरू होईल, असं एक मुलगी आधीच बोलून ठेवलेल्या आवाजात सांगत होती. मी तिच्यावरही ओरडलो. जीनत आतून म्हणाली, "भाई, ती रेकॉर्ड आहे."

मला एका जागी बसवेना. कॅलेंडर काढलं आणि जागेवर असलेल्या सतरा दिवसांना लाल गोल करत गेलो. मंगळवार. शनिवार. मंगळवार. शनिवार. आठही आठवडे! मंगळवारी आणि शनिवारी कशिशचे दिवस सुरक्षित, बाकीचे वार गडप. सतरावा तेवढा अवघड जागी होता, पंधरा ऑगस्ट, शुक्रवार.

"मंगळवारी आणि शनिवारी वेगळं काय करतेस?"

कशिश विचारात पडली. "काहीच नाही. तेच मैदान, तेच सर. फक्त... त्या दिवशी उत्कर्षा नसते. तिची साताऱ्याला शिकवणी असते."

आणि यादीत दुसरं नाव होतं उत्कर्षाचं.

३

उत्कर्षा मला तिच्या घराच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडताना सापडली. वर्षानं लहान, काटक, केसांच्या दोन वेण्या. कशिश माझ्या मागं उभी राहून "मामू, नको, मामू, नको" म्हणत होती. मी ऐकतोय होय!

"आलेखांचं तुला काय माहीत आहे?"

"कसले आलेख?"

"सोंग करू नकोस. तू मैदानावर असलीस की हिची नोंद जाते. तू नसलीस की राहते. काय करतेस तू?"

"मी काय करणार? हिच्या फोनला मैदानावर रेंज येत न्हाई. पळून झालं की मी माझा हॉटस्पॉट देती. झाडाखाली बसूनच ही पाठवती. मंगळवारी, शनिवारी घरी जाऊन पाठवती."

"म्हणजे तुझ्या फोनमधून गेलेल्या सगळ्या नोंदी गायब!"

शेंगा तिच्या हातातच राहिल्या. "तुमी मला चोर म्हणताय?"

"ही गेली तर जागा कुणाला मिळणार?"

"मला," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर खाली नाही गेली. "मामू, माझ्या आजीला दिसतं कमी, पण तुमच्यापेक्षा बरं दिसतं."

उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. कशिश परतीच्या वाटेवर माझ्या पुढं पुढं चालत राहिली. मी मात्र खुशीत होतो, चोर सापडला होता ना! वळणावर तीच थांबली.

"मामू, पंधरा ऑगस्टला उत्कर्षा होती. तिच्याच हॉटस्पॉटवरून पाठवलं होतं. मग तो आलेख कसा आहे?"

मीही थांबलो.

"त्या दिवशी वेगळं काय झालं?"

"काही नाही हो. पळून झाल्यावर झेंडावंदन होतं. वीस मिनिटं उभे होतो. मग पाठवलं."

४

आप्पासो म्हणजे मुलींचे प्रशिक्षक. मूळचे कुंडलचे, वर्षभरापासून कोरेगावात खोली घेऊन राहतात, रविवारी गावी जातात. सगळ्या मुलींचा सराव ते वहीत हातानं लिहितात. संध्याकाळी त्यांना फोन केला, वहीच्या पानांचे फोटो मागवले. वही आलेखांशी कितपत जुळते ते तरी बघू म्हटलं.

फोटो आले, आणि मी ते आलेखांशेजारी धरले. वहीत रोज लिहिलेलं, कशिश, सुरुवात सहा वाजता. जे सतरा आलेख शिल्लक होते, त्यांवर सुरुवात सहा बाराला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सतराही दिवस. त्याआधीच्या चार आठवड्यांत मात्र वही आणि आलेख मिनिटामिनिटाला जुळत होते.

पुन्हा फोन लावला. "आप्पासो, एकवीस जुलैपासून तुमची वही खोटं बोलतेय."

"काय म्हणताय?"

"पोरगी सहा बाराला पळते आणि तुम्ही सहा लिहिता. घरबसल्या वही भरता की काय?"

मग आप्पासो म्हणाले, "सिकंदरभाई, वीस वर्सं झाली पोरं पळवतोय. हातात स्टॉपवॉच आन् खिशात फोन. सहाला शिट्टी मारली म्हंजी सहाला मारली. माझी वही खोटं बोलत न्हाई. तुमचं घड्याळच तपासा की."

"घड्याळ मी तपासलंय!" मी ओरडलो आणि फोन ठेवला.

भाचा दुखावला, उत्कर्षाला रडवलं, आप्पासोंशी भांडण केलं, आणि हातात काय? काहीच नाही. जीनतनं ताट वाढलं, मी ते बाजूला सारलं. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट डोक्यात उकळत होती. मिरजेला रेल्वेच्या नोकरीची मुलाखत होती. वडिलांचं घड्याळ मागं होतं, मी चार मिनिटं उशिरा पोचलो. दारावरच्या माणसानं यादी मिटली आणि म्हणाला, "संपलं." त्या एका शब्दानं मी घड्याळजी झालो. उद्या कशिशला कुणी तसंच म्हणणार, या कल्पनेनंच जीव घाबरा झाला.

५

सोमवारी मिरजेकडं जाणारी साडेआठची पॅसेंजर होती. कशिश आणि मी स्टेशनवर पोचलो. थोडं लांब, बाकाच्या दुसऱ्या टोकाला, उत्कर्षा आईबरोबर बसली होती. यादीतल्या दुसऱ्या नावालाही बोलावणं होतंच. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी फेऱ्या मारत होतो. मनगटावर आठ सदतीस. "बघ, सात मिनिटं लेट! आजच नेमकी लेट!"

चहावाला अजीम फिदीफिदी हसला. "आवं सिकंदरभाई, तुमच्या घड्याळात गाडी यिऊन गेली आसंल. आमच्या गावात अजून यायची हाय. आठ पंचवीस झाल्यात."

नेहमीची थट्टा. तीस वर्षं ऐकतोय. मी त्याला झापायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो.

गाडी माझ्या घड्याळात येऊन गेली होती. खऱ्या वेळेत अजून यायची होती.

"कशिश, हात दाखव."

तिच्या घड्याळात आठ सदतीस. स्टेशनच्या घड्याळात आठ पंचवीस.

आता हे सांगायला हवं. माझ्या दुकानातून बाहेर पडणारं प्रत्येक घड्याळ मी बारा मिनिटं पुढं लावतो. मिरजेनंतर घेतलेली ती शपथ आहे म्हणा ना, माझ्या हातच्या घड्याळामुळं कुणाला उशीर होता कामा नये. कशिशचं घड्याळ आपली वेळ फोनला विचारून लावायचं. घड्याळानं फोनला वेळ विचारायची? मला त्याचा असा संताप आला होता, की बटण सोडवताना ती सोयच मी बंद केली आणि हातानं वेळ लावली. तारीख वीस जुलै.

"तुला माहीत होतं, हे बारा मिनिटं पुढं आहे?"

"ते तर सगळ्यांनाच माहीत आहे, मामू," कशिश म्हणाली. "दुकानातून आलं की आम्ही बारा वजा करतो. अम्मी करते, शेजारी करतात, सगळं कोरेगाव करतं."

"मग काल बोलली का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय?"

मी बाकावर बसलो. पोरगी खऱ्या सहाला पळायला लागायची, घड्याळ लिहायचं सहा बारा. खऱ्या सहा पन्नासला थांबायची, घड्याळ लिहायचं सात वाजून दोन. झाडाखाली बसून दोन मिनिटांत पाठवलं, की वेबसाइट बघणार, आत्ता वाजलेत सहा बावन्न आणि ही म्हणते मी सात दोनला पळून आले. अजून न घडलेली गोष्ट! कोण मानेल? घरी चालत जाऊन वीस मिनिटांनी पाठवलं, की ती वेळ उलटून गेलेली असायची आणि नोंद बिनबोभाट आत. मंगळवार, शनिवार. आणि झेंडावंदनाचा दिवस.

चोर सापडला होता. तो चष्मा लावून रविवारभर गावाला दमात घेत फिरत होता.

६

नऊला गाडी रहिमतपूरच्या पुढं होती. फोन लागला. ओवी नावाची मुलगी बोलली, या वेळी खरीखुरी. मी सांगितलं, "बाई, ज्या नोंदी उद्याची भाषा बोलतात, त्या तुम्ही कुठं टाकता?"

ती हसली. मग टकटक ऐकू आली. "काका, पुढच्या वेळेच्या नोंदी आम्ही बाजूला ठेवतो, पुसत नाही. इथं एकतीस आहेत."

कशिशनं माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठले. ओवीनं अट सांगितली, वेळ कशी चुकली ते लेखी हवं, आणि प्रशिक्षकाची सही. मी गाडीतच कागद लिहून काढला. किर्लोस्करवाडीला, मुलाखतीसाठी गावाहून निघालेले आप्पासो वही घेऊन चढले. मी काही बोलायच्या आधीच कागद वाचून त्यांनी सही ठोकली, आणि त्याचा फोटो ओवीला गेला. "भाईसाहेब," एवढंच म्हणाले, "वही खरी निघाली न्हवं?"

बाराला दहा कमी असताना एकतीसही आलेख जागेवर आले. प्रत्येकाच्या कडेला बारीक अक्षरात 'वेळ दुरुस्त'.

तीच अडचण झाली. निवड समितीच्या दीपमाला मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काल दुपारी आम्ही पाहिलं तेव्हा हे दिवस कोरे होते. आणि मुलाखतीच्या सकाळी एकतीस आलेख उगवले? यावर विश्वास कसा ठेवायचा?"

मी पुढं झालो. माझ्या हातच्या घड्याळाची गावभर शान होती, ती तिथं टेबलावर काढून ठेवली. मिरजेपासून बटणापर्यंत सगळं सांगितलं. "चूक माझी. पोरीची शिक्षा मला द्या." आप्पासोंनी वही उघडली. पंधरा ऑगस्ट. वहीत सहा, जुन्या आलेखात सहा बारा. मॅडमनी सतराही दिवस बोट ठेवून ताडून बघितले.

"फरक सारखा आहे," त्या म्हणाल्या. "पण वही तुमच्या माणसाची. बाहेरचं कुणी साक्षीदार?"

मग मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"मी हाय."

उत्कर्षा उभी राहिली. तिनं आपला फोन मॅडमसमोर ठेवला. कुठल्या दिवशी, किती वाजता हॉटस्पॉट दिला ते त्यात होतं. बहुतेक सगळं सहा पन्नासच्या आसपास. झेंड्याच्या दिवशी सात दहा.

"तुझं नाव दुसरं आहे, हे ठाऊक आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. पर ती रोज पळती, मॅडम. मलाच ठावं. रोज तिच्या मागं मीच असती."

मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

चार वाजता यादी लागली. कशिशचं नाव वाचताना मी लहान पोरासारखा रडलो. मग उत्कर्षापुढं हात जोडले. ती म्हणाली, "माफी नगं, मामू. माझं अजून एक वरीस हाय. फकस्त माझं घड्याळ तुमच्या दुकानात येणार न्हाई."

७

त्या आठवड्यात मी दुकानातली सगळी घड्याळं खऱ्या वेळेवर आणली. पाटी लावली, 'आजपासून वेळ बरोबर.' लोक पाटी वाचून हसले आणि बारा वजा करत राहिले. दोघांची एसटी चुकली, एकाचं लग्न हुकता हुकता राहिलं. जीनतच्या घरातलं घड्याळ मी स्वतः जाऊन नीट केलं, तिला दोनदा ओरडून सांगितलं. "बरं," ती म्हणाली.

रविवारी कशिश सांगलीला राहायला निघाली. सामान घेऊन आम्ही दोघं पुढं गेलो. जीनत डबा भरून मागून येणार होती. साडेआठला गाडी आली, हलली, एकटीच जाणारी कशिश दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती. गाडी सिग्नलपलीकडं गेली तेव्हा जीनत डबा छातीशी धरून धावत फलाटावर आली.

"घड्याळात साडेआठच तर होते," ती धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, अजून बारा मिनिटं आहेत."

रागवायला मला तोंड नव्हतं. दोन तिकिटं काढली आणि पुढच्या गाडीनं निघालो. जीनत वाटभर डबा मांडीवर घेऊन बसली, एकदाही खाली ठेवला नाही.

केंद्राच्या फाटकावर पोचलो. पाटीवर भेटायची वेळ लिहिली होती, दोन वाजेपर्यंत. मी मनगटाकडं बघितलं. दोन वाजून चार मिनिटं. खरी चार मिनिटं.

राखणदारानं वही मिटलेली होती. मला तो शब्द आधीच ऐकू आला, पस्तीस वर्षांपूर्वीचा. मी जीनतला म्हटलं, "चल, संपलं."

"कुणाकडं आलाय?" राखणदारानं विचारलं.

"भाचीकडं. पण उशीर झाला. चार मिनिटं."

त्यानं डब्याकडं बघितलं, जीनतकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चार मिनटानं काय हुतंय? जावा की आत," असं म्हणून फाटक उघडलं. मैदानाच्या पलीकडून कशिश आमच्याकडं धावत येत होती.